विश्लेषण : जुन्या पिस्तुलाची ‘किरकोळ’ स्प्रिंग दुरुस्ती घरी का करू नये?

मोटारसायकलच्या स्टँडची स्प्रिंग, फवारणी पंपाचा वॉल्व्ह, ट्रॉलीची पिन... गावातल्या लेथवर किंवा गॅरेजात ही कामे पाच मिनिटांत होतात. त्याच सवयीने घरातल्या जुन्या परवानाधारक पिस्तुलाची ढिली पडलेली स्प्रिंगही पक्कड घेऊन ओढावी, बॉलपेनमधली स्प्रिंग बसवून पाहावी, असा मोह होतो. मात्र हे काम जिवावर बेतू शकते आणि कायद्याच्या नजरेत तो गंभीर गुन्हा आहे. गुन्ह्याच्या कक्षेत केवळ शस्त्राचा मालक नव्हे, तर ओळखीखातर ते दुरुस्त करून देणारा कारागीरही येतो.

प्रश्न नेमका काय आहे?

सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते, माळशिरस, अकलूज हा बागायती पट्टा. शेतवस्तीवर राहणारे बागायतदार, व्यापारी, सैन्यातून निवृत्त झालेले जवान, बँका व कारखान्यांचे सुरक्षारक्षक असे लोक शस्त्र परवाना घेतात. शस्त्र एकदा घेतले की ते वर्षानुवर्षे घरात राहते. वडिलांचे रिव्हॉल्व्हर मुलाच्या नावावर होते, एखादे पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकाकडून विकत घेतलेले असते. अशा वापरलेल्या शस्त्रात सर्वांत आधी कुरकुर सुरू होते ती स्प्रिंगांची. बाकीचे पोलाद पन्नास वर्षे टिकते, स्प्रिंग मात्र झिजणारा भाग आहे.

जुने शस्त्र हाताळताना काय होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात गुडघ्याखाली शिरली. ते बाहेरगावी निघण्याच्या तयारीत होते आणि रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे त्यांच्या निकटवर्तीयांकडून सांगण्यात आले. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. ट्रिगर दाबायचा नसतानाही गोळी सुटू शकते, हे त्या घटनेने घराघरांत पोहोचवले. ती सुटू नये यासाठी शस्त्रात जी व्यवस्था असते, त्यातला मोठा वाटा छोट्या-छोट्या स्प्रिंगांचा असतो.

पिस्तुलात स्प्रिंगा असतात कशासाठी?

पिस्तूल म्हणजे स्प्रिंगांच्या बळावर चालणारे यंत्र म्हटले तरी चालेल. मॅगझिनमधली स्प्रिंग एकेक काडतूस वर ढकलते. नळीखालची किंवा नळीभोवतीची रिकॉइल स्प्रिंग गोळी सुटल्यावर मागे गेलेली स्लाइड पुन्हा पुढे आणते आणि नवे काडतूस चेंबरमध्ये नेऊन बसवते. हॅमरची मुख्य स्प्रिंग हॅमरला इतका वेग देते, की फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आदळून ठिणगी पडते. रिकामी पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्यालाही स्प्रिंग असते.

याखेरीज काही स्प्रिंगांचे काम नेमके उलटे असते. ते काम म्हणजे थांबवणे. हॅमर मागे अडकवून धरणारी जी खाच असते, तिला जागेवर दाबून धरणारी स्प्रिंग; फायरिंग पिन मागे रोखून धरणारी स्प्रिंग; ट्रिगर सोडल्यावर तो मूळ जागी आणणारी स्प्रिंग; सुरक्षा खटका ठिकाणावर ठेवणारी स्प्रिंग. या स्प्रिंगा आकाराने बारीक, दिसायला किरकोळ आणि किमतीला मामुली. मात्र गोळी सुटायची की नाही, हे त्यांच्यावर ठरते.

रिव्हॉल्व्हरमध्ये स्लाइड आणि मॅगझिन नसते. तरीही हॅमरची, ट्रिगरची आणि फिरणारे सिलिंडर नेमक्या जागी अडवणाऱ्या खटक्याची स्प्रिंग असतेच. सिलिंडर अर्धवट फिरून थांबले, तर काडतूस आणि नळी एका रेषेत येत नाहीत. अशा वेळी गोळी सुटली तर शिशाचे तुकडे बाजूने उडतात.

स्प्रिंग कमजोर का पडते?

स्प्रिंगचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये मांडला. जितके दाबाल, तितके बळ ती परत देते. मात्र हा नियम एका मर्यादेपर्यंतच खरा असतो. त्या मर्यादेपलीकडे तार वाकली की ती पूर्ण परत येत नाही, कायमची आखूड किंवा वेडीवाकडी होते. मर्यादेच्या आत राहूनही हजारो वेळा दाब-सोड झाली, की धातू थकतो आणि बळ हळूहळू उतरते.

‘मॅगझिन भरून ठेवले की स्प्रिंग बसते’ ही समजूत सर्वत्र ऐकू येते. तिच्यात अर्धेच तथ्य आहे. चांगल्या पोलादाची, योग्य मापाची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी बिघडत नाही. वारंवार भरण्या-काढण्याने आणि क्षमतेबाहेर काडतुसे कोंबल्याने ती जास्त झिजते. गंज हा तिचा दुसरा मोठा शत्रू. तारेवर गंजाचा बारीक खड्डा पडला, की पुढे तिथूनच ती तुटते. पिस्तूल महिनोन्महिने चामडी कव्हरात ठेवण्याची पद्धत यासाठीच वाईट. चामडे ओल धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली रसायने पोलादाला गंज चढवतात.

तिसरे कारण तेलाचा अतिरेक. शिवणयंत्राचे किंवा खोबरेल तेल भरपूर सोडले, की ते धुळीत मिसळून चिकट राळ होते. मग स्प्रिंग धडधाकट असूनही पिन अडखळते. कमजोर वाटणारी स्प्रिंग अनेकदा नुसती मळलेली असते. म्हणूनच रोगाचे निदान न करता इलाज करणे धोक्याचे ठरते.

बिघाड ओळखायचा कसा?

ट्रिगर दाबल्यावर नुसताच ‘टक’ आवाज येणे आणि काडतुसाच्या टोपीवर उथळ खूण उमटणे, हे हॅमरची किंवा पिनची स्प्रिंग थकल्याचे लक्षण असू शकते. शेवटची एक-दोन काडतुसे वर न चढणे, हे मॅगझिनच्या स्प्रिंगचे. स्लाइड पुढे येऊन पूर्ण न मिटणे, रिकामी पुंगळी तोंडाशी अडकणे, ट्रिगर सोडल्यावर परत न येणे, सुरक्षा खटका ढिला लागणे, ही इतर लक्षणे. मात्र ‘असू शकते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उथळ खूण जुन्या काडतुसाच्या कडक टोपीमुळे, मळामुळे किंवा झिजलेल्या पिनमुळेही उमटते.

यातला सर्वांत फसवा क्षण म्हणजे ‘टक’ आवाज होऊन गोळी न सुटण्याचा. काही वेळा टोपी पेटलेली असते, पण आतली दारू उशिरा पेट घेते. अशा वेळी शस्त्र सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबावे, नळीत डोकावू नये, लगेच पुन्हा ट्रिगर दाबू नये, असा नेमबाजीतला सर्वमान्य नियम आहे.

लक्षण दिसले की शस्त्र रिकामे करून बाजूला ठेवणे, एवढेच मालकाचे काम. रिकामे करतानाही क्रम महत्त्वाचा असतो. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज अनेक अपघातांच्या मुळाशी असतो. एक काडतूस चेंबरमध्ये बसलेले असू शकते.

स्प्रिंग ओढून, कापून किंवा बदलून काय बिघडते?

वळी असलेल्या स्प्रिंगचे गणित साध्या नजरेला फसवते. तिचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार अवघी दहा टक्के जाड असेल, तर बाकी सारे माप तेच असूनही स्प्रिंग सुमारे ४६ टक्के अधिक ताठ होते. बॉलपेनची, लायटरची किंवा जुन्या टेपरेकॉर्डरची स्प्रिंग ‘दिसायला सेम’ असते. पण तारेच्या जाडीतला केसाएवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तिचे पोलाद त्या कामासाठी घडवलेले नसते.

कापण्याचेही तसेच. समजा, दहा वेढ्यांची ५० मिलिमीटर लांबीची स्प्रिंग शस्त्रात ४० मिलिमीटरच्या जागेत बसते आणि प्रत्येक मिलिमीटर दाबाला एक एकक बळ देते. म्हणजे बसवतानाच तिचे बळ १० एकक असते. आता त्यातला एक वेढा कापला. लांबी ४५ मिलिमीटर झाली, ताठपणा मात्र वाढून १.११ झाला. बसवल्यावर दाब फक्त ५ मिलिमीटरचा, म्हणून बळ साधारण साडेपाच एकक. वेढा एकच गेला, पण सुरुवातीचे बळ जवळजवळ निम्म्यावर आले. ट्रिगर ‘हलका’ करण्यासाठी वेढा कापणाऱ्याच्या हे गावीही नसते.

ओढून लांब केलेली स्प्रिंग पहिले काही दिवस जोरकस वाटते. पण ओढताना तार तिच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते. त्यामुळे ती लवकरच पुन्हा बसते, पहिल्यापेक्षाही खाली. गॅसवर तापवून आकार देणे तर आणखी वाईट. स्प्रिंगच्या तारेला कारखान्यात ठरावीक प्रक्रियेने ताण-बळ दिलेले असते. बारीक स्प्रिंगांसाठी सर्रास वापरली जाणारी ‘म्युझिक वायर’ साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर वापरू नये, असा संकेत आहे. गॅसची ज्योत त्याच्या कितीतरी पट गरम असते. तापवलेली स्प्रिंग दिसायला स्प्रिंगच राहते, आतून ती साधी तार झालेली असते.

यात सर्वांत मोठा धोका कोणता?

गोळी सुटली नाही तर फार तर गैरसोय होते. गोळी नको तेव्हा सुटली तर माणूस जातो. घरगुती दुरुस्तीने पहिल्या प्रकारचा बिघाड दुसऱ्या प्रकारात बदलतो. मागे रोखणारी स्प्रिंग हलकी पडली, तर स्लाइड जोरात पुढे येताच फायरिंग पिन स्वतःच्या वजनाने टोपीवर आदळू शकते. हॅमर धरणाऱ्या खाचेची स्प्रिंग कमजोर असेल, तर धक्क्याने हॅमर सुटू शकतो. एकदा ट्रिगर दाबल्यावर एकापाठोपाठ एक गोळ्या सुटण्याचाही धोका असतो. आणि हे सारे शस्त्र तपासून पाहताना, घरात, माणसांत घडते.

मोठ्या कंपन्यांनीही हा धडा किंमत मोजून घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकी नौदलातील एका खलाशाचा जहाजावर पडलेल्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळीने मृत्यू झाला. त्यानंतर स्मिथ अँड वेसन कंपनीने हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये येणारा अडसर नव्याने घडवला. २०१७ मध्ये सिग सॉअर कंपनीचे पी-३२० पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटते, असे चाचण्यांत दिसले. तेव्हा कंपनीने ग्राहकांना पिस्तुले पाठवून आतले भाग बदलून घेण्याची मुभा दिली. प्रयोगशाळा आणि अभियंते असलेल्या कारखान्यांकडूनही जे नजरचुकीने सुटते, ते ओसरीवर पक्कड आणि कानस घेऊन तपासता येत नाही.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा १९५९ मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागतो. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. फारसे माहीत नसलेले कलम आहे ते ५ वे. अग्निशस्त्र तयार करणे, विकणे, हस्तांतरित करणे, त्याचे रूपांतर करणे, दुरुस्त करणे, त्याची चाचणी घेणे, यासाठी त्या-त्या कामाचा स्वतंत्र परवाना असला पाहिजे, असे हे कलम सांगते. म्हणजे शस्त्र बाळगण्याचा परवाना हा ते दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे.

कायद्यातील ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. त्यामुळे ‘स्प्रिंगच तर आहे’ हा बचाव टिकवणे अवघड. परदेशी संकेतस्थळावरून सुटे भाग मागवणाऱ्यांनी कलम १० लक्षात घ्यावे. शस्त्रांच्या आयातीलाही परवाना लागतो.

दुरुस्तीनंतर ‘एक बार काढून बघू’ म्हणून शेतात नेऊन गोळी झाडणे हाही वेगळा गुन्हा ठरू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात घातलेल्या तरतुदीनुसार, हर्षोल्हासात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शिक्षा कोणाला आणि किती?

कलम ५ चा भंग करून शस्त्र तयार करणे, विकणे किंवा दुरुस्त करणे यासाठी कलम २५(१) खाली शिक्षा आहे. २०१९ पूर्वी ती किमान तीन ते कमाल सात वर्षे होती. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि दंड अशी झाली. या कलमात ‘दुरुस्ती’ हा शब्द ‘निर्मिती’च्या शेजारी बसलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

याचा खरा चटका बसतो तो लेथवाल्याला. गावात नाते जपावे लागते. ओळखीचा माणूस कापडात गुंडाळलेली वस्तू घेऊन येतो, ‘एवढी पिन घासून दे’ म्हणतो. नाही म्हणणे जड जाते आणि पैसेही घेतले जात नाहीत. मात्र पैसे घेतले की नाही, यावर गुन्हा ठरत नाही. मालकाकडे निदान शस्त्र बाळगण्याचा परवाना असतो; कारागिराकडे तोही नसतो. शस्त्र त्याच्या दुकानात सापडले, तर विनापरवाना बाळगल्याचा आरोपही लागू शकतो. त्याला २०१९ नंतर किमान दोन ते कमाल पाच वर्षे शिक्षा आहे. मालकाच्या बाजूने परवान्याच्या अटींचा भंग झाला, तर कलम ३० खाली कारवाई होते आणि परवाना रद्द होण्याची टांगती तलवार असतेच. पाहुणा, शेजारी किंवा जुना वर्गमित्र असलेल्या कारागिराला अशा संकटात टाकायचे का, याचा विचार शस्त्र घेऊन जाणाऱ्याने करायला हवा.

मग मालकाने काहीच करायचे नाही का?

देखभाल जरूर करायची. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने शस्त्र हाताळणीचे सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे, अशी तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे. त्या प्रशिक्षणात शस्त्राची निगा हाही विषय आहे. शस्त्र रिकामे करून, उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितले आहे तेवढेच उघडून नळी पुसणे, जुने तेल काढणे, योग्य तेलाचा हलका हात फिरवणे, कोरड्या जागी कुलपात ठेवणे ही निगा झाली.

फ्रेमवरचे स्क्रू काढून आतली यंत्रणा बाहेर काढणे, खाच घासणे, स्प्रिंग बदलणे, पिन ठोकून बाहेर काढणे ही दुरुस्ती. इथे मालकाने थांबायचे. रिव्हॉल्व्हरचे बाजूचे झाकण उघडण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, की सीमारेषा ओलांडली असे समजावे.

दुरुस्ती कायदेशीरपणे कशी करून घ्यावी?

शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडेच जावे. तो कोण व कुठे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेतून किंवा पोलीस ठाण्यातून विचारून घ्यावे. सोलापूर शहरात परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे, तर नातेपुतेसारख्या ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असतात. नातेपुतेहून सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. या अंतरामुळेच ‘इथेच कोणाकडून तरी’ करून घेण्याचा मोह होतो. तरीही ही खेप चुकवू नये.

जाताना मूळ परवाना सोबत असावा. शस्त्र रिकामे, काडतुसे वेगळी. परवान्यावरील शस्त्र क्रमांक आणि शस्त्रावरचा क्रमांक जुळतो का, हे निघण्याआधी पाहावे. शस्त्र सोपवताना क्रमांक, तारीख आणि बिघाड लिहिलेली पावती घ्यावी. कारागिराने कोणता भाग बदलला हे लेखी घ्यावे आणि काढलेला जुना भाग पाहावा. चाचणीही त्यालाच करू द्यावी.

वारीच्या दिवसांत आणखी एक काळजी. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते येथे मुक्कामी असते आणि पंढरपूरचा रस्ता वारकऱ्यांनी फुललेला असतो. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक गर्दी आणि शाळा-महाविद्यालयांच्या आवारात शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींनुसार मनाई असते. दुरुस्तीसाठीचा प्रवास या काळात टाळलेलाच बरा.

वापरलेले शस्त्र घेताना काय पाहावे?

परवानाधारक आपले खासगी शस्त्र दुसऱ्या पात्र परवानाधारकाला विकू शकतो. मात्र त्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस उलटावे लागतात. हा काळ नुसता वाट पाहण्यात घालवू नये. व्यवहार पक्का करण्याआधी शस्त्र परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे. स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या असणे, आतल्या भागांवर कानशीचे ओरखडे असणे, ट्रिगर संशयास्पद हलका लागणे, हे आधी कोणीतरी ‘हात मारल्याचे’ पुरावे असतात. असे शस्त्र कितीही स्वस्त मिळाले तरी ते महागच.

वारसाहक्काचेही नियम आहेत. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याचे शस्त्र घरात तसेच ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. परवानाधारक ७० वर्षांचा झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर हयातीतच ते वारसाकडे देण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. वडिलांकडून आलेले शस्त्र भावनेपोटी ‘चालू करण्या’आधी ते आपल्या नावावर आले आहे का, हे पाहावे. एका परवान्यावर आता तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, हा २०१९ मधील बदलही लक्षात हवा.

गावठी कट्ट्याचे काय?

त्याची दुरुस्ती हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते बाळगणेच गुन्हा आहे. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या गावठी पिस्तुलांच्या संदर्भात चोपडा तालुक्याच्या सीमेलगत असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टी गावाचे नाव पोलीस तपासात वारंवार येते. कारखान्यातील शस्त्राची नळी आणि यंत्रणा विक्रीआधी वाढीव दाबाचे काडतूस झाडून तपासली जाते. कट्ट्याची अशी कोणतीही तपासणी झालेली नसते. त्यातली स्प्रिंग कुठून काढलेली आहे, हे तो बनवणाऱ्यालाही आठवत नाही. तो हातात फुटला, तर दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात एकाच वेळी जावे लागते.

शस्त्राची गरजच उरली नसेल तर?

दुरुस्तीचा विचार करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. चोराचिलटांच्या भीतीने तीस वर्षांपूर्वी घेतलेले शस्त्र आज फक्त निवडणूक आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करण्यासाठीच कपाटातून निघत असेल, तर ते संरक्षण नव्हे, जबाबदारी आहे. असे शस्त्र सुरक्षित ठेवीसाठी परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, पात्र व्यक्तीला विकता येते किंवा परवान्यासह प्रशासनाकडे परत करता येते.

ठेवायचेच असेल, तर ते पूर्ण भरवशाचे असले पाहिजे. बिघडलेले पण भरलेले शस्त्र घरात असणे ही सर्वांत वाईट स्थिती होय. ते गरजेच्या वेळी चालत नाही आणि नको त्या वेळी चालते. नवी स्प्रिंग आणि कारागिराची मजुरी यांचा खर्च सोलापूरच्या एका खेपेत भागतो. पक्कड मारून वाचवलेल्या पैशांचा हिशेब मात्र घरातल्या कोणाच्या तरी पायाशी, नाहीतर ओळखीच्या लेथवाल्याच्या सात वर्षांशी येऊन थांबू शकतो.